काळ्या डोळ्यांचा पांढरा ससा : एका जातीची ससेहोलपट



गेल्या भागात आपण डोंगराळ मोर्चांवरच्या खेचरांविषयी बोललो. त्यावर बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकठिकाणच्या श्रोत्यांनी लिहिलं. त्यातला एक प्रश्न मला फार आवडला: "सैन्याला ज्या जनावरांची गरज होती, त्यांची निगा सैन्यानं राखली. पण ज्यांच्याशी सैन्याचं काही देणंघेणं नव्हतं, त्या जातींचं युद्धात काय होतं?"

लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत याचं उत्तर मिळत नाही. तिथं माणसांची गणती असते, रणगाड्यांची असते, फार तर घोड्यांची असते. गावातल्या खुराड्यांत काय उरलं, हे कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून आज मी एक ससा घेऊन आलो आहे. त्याचं नाव 'ब्लाँ द ओतो', म्हणजे ओतो गावचा पांढरा. हे गाव फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातलं. नॉर्मंडी म्हटल्यावर माझ्यासारख्या फौजी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येणार, ते तुम्ही ओळखलंच असेल. तिथं आपण पोहोचणारच आहोत, पण क्रमानं जाऊ.

ससा म्हणजे नेमका कोणता?

मराठीत आपण दोन वेगवेगळ्या प्राण्यांना एकच नाव दिलं आहे. दख्खनच्या माळावर, ज्वारीच्या रानात, रात्री गाडीच्या उजेडात उड्या मारत पळणारा आपला रानससा हा एक प्राणी. पिंजऱ्यात पाळतात तो दुसरा. इंग्रजीत पहिल्याला हेअर म्हणतात, दुसऱ्याला रॅबिट. रानसशाची पिल्लं उघड्यावर जन्मतात, जन्मतःच त्यांच्या अंगावर लव असते, डोळे उघडे असतात. पाळीव सशाची पिल्लं बिळात किंवा खोक्यात जन्मतात. ती उघडी, आंधळी आणि पूर्णपणे आईवर अवलंबून असतात. रानसशात गुणसूत्रं ४८, पाळीव सशात ४४. दोघांचा संकर होत नाही. कासवाशी शर्यत लावणारा ससा हा पहिल्या जातकुळीतला. आजचा विषय दुसऱ्या जातकुळीतला आहे.

हा दुसरा ससा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सचा. भारतात पिंजऱ्यात दिसणारा प्रत्येक ससा त्याच युरोपीय सशाचा वंशज आहे. तो माणसाळला कधी, याविषयी एक गोष्ट शंभर पुस्तकांत सापडते: इ.स. ६०० च्या सुमारास पोपनं सशाच्या नवजात पिल्लांचं मांस उपासाला चालेल असा फतवा काढला, आणि फ्रेंच मठांतल्या साधूंनी ससे पाळायला सुरुवात केली. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी या गोष्टीचा माग काढला, तेव्हा असा फतवाच नसल्याचं दिसलं. एका जुन्या लेखकाचा उतारा दुसऱ्याच्या नावावर गेला होता आणि पुढचे सगळे एकमेकांवरून उतरवून घेत होते. ससा हळूहळू माणसाजवळ येत गेला, त्याला एक तारीख नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडच्या बखरी वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत ससा हे फ्रान्समधल्या गरीब घराचं जनावर झालं होतं. गायीला कुरण लागतं, डुकराला दाणा लागतो. सशाला बांधावरचं गवत आणि कोबीची बाहेरची पानं पुरतात. मांस घरी खायला, कातडी विकायला. त्या कातड्यांतून टोप्यांचा नमदा आणि कोटांच्या कडा व्हायच्या. घराघरांतल्या खुराड्यांमधूनच वेगवेगळ्या रंगांच्या, वजनांच्या जाती तयार होत गेल्या.

एका बाईचा हट्ट

नॉर्मंडीतल्या काल्वादोस जिल्ह्यात 'ओझ' नावाचा मुलूख आहे. सफरचंदाच्या बागा, लोण्याचोण्याचा प्रदेश. कामाँबेर चीज आणि काल्वादोस नावाची सफरचंदाची दारू तिथलीच. याच मुलखातल्या ओतो-आँ-ओझ या गावी यूजेनी बर्नहार्ड नावाच्या बाई राहत. १९०२ साली त्यांनी एक काम हातात घेतलं. त्यांना मांसाला भरदार, कातडीला उत्तम असा शुभ्र पांढरा ससा हवा होता. अट एकच: डोळे काळे हवेत.

ऐकायला सोपं वाटतं. पांढरे ससे तर सगळीकडे होते. पण त्या पांढऱ्या सशांचे डोळे लाल असतात, कारण त्यांच्या शरीरात रंगद्रव्यच तयार होत नाही. केसात नाही, डोळ्यातही नाही. डोळ्यात दिसतो तो रक्ताचा लाल रंग. काळे डोळे हवे असतील तर शरीरात रंग असला पाहिजे, आणि तरी तो केसांत कुठे उमटता कामा नये. रंगीत सशावरचा रंग जवळजवळ शेवटच्या केसापर्यंत पुसायचा, पण डोळ्यापाशी येऊन थांबायचं, असं हे काम.

बाईंनी सुरुवातीला घेतला तो 'फ्रेंच फुलपाखरू' जातीचा मोठा ठिपकेदार ससा. पांढऱ्या अंगावर काळे डाग, नाकावर फुलपाखरासारखा ठसा. दर विणीत कमीत कमी डाग असलेली पिल्लं निवडायची, त्यांचीच पुढे जोडी लावायची. मध्ये त्यांनी इतर जातींशी संकर करून पाहिला, तो मनासारखा झाला नाही, म्हणून पुन्हा मूळ वाटेला लागल्या. १९१२ पर्यंत पाचशेहून अधिक जोड्या लावून झाल्या होत्या, तेव्हा कुठे जवळजवळ पांढरे ससे दिसू लागले.

यातली अडचण काय होती, ते आज आपल्याला सांगता येतं. ठिपक्यांचा जो गुण आहे, त्याची एक प्रत मिळाली तर ससा ठिपकेदार होतो. एकही मिळाली नाही तर अंगभर एकरंगी. दोन मिळाल्या तर बराचसा पांढरा, पण अशा सशांत मोठ्या आतड्याचा विकार होण्याचा धोका असतो आणि बरेच जण अशक्त निघतात. दोन ठिपकेदार सशांची जोडी लावली तर पिल्लं सरासरी एकास दोनास एक या प्रमाणात या तीन प्रकारांत विभागतात. म्हणजे रंग कमी करण्याचा सर्वांत सरळ रस्ता दुबळ्या पिल्लांकडे जातो. बाईंना पांढरेपणा हवा होता, आणि तगडा ससाही हवा होता.

१९०२ हे साल लक्षात ठेवा. मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम दोनच वर्षांपूर्वी, १९०० साली, नव्यानं उजेडात आले होते. ते प्राण्यांनाही लागू पडतात, हे फ्रान्समध्येच नाँसी शहरात ल्यूसियाँ क्यूएनो या शास्त्रज्ञानं उंदरांवरून दाखवलं, तेही १९०२ साली. प्रयोगशाळेत उंदरांची गणती चालू होती, तेव्हा नॉर्मंडीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात हेच गणित ससे, खुराडी आणि धीर यांच्या बळावर सुटत होतं.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध येऊन गेलं. १९२० साली पॅरिसच्या प्रदर्शनात हे ससे लोकांपुढे आले आणि १९२२ साली फ्रान्समध्ये जात म्हणून मान्यता मिळाली. हट्ट धरल्यापासून मान्यतेपर्यंत वीस वर्षं.

पाळणाऱ्याचं रोजचं काम

आता हा ससा जवळून पाहू, म्हणजे पुढच्या घटनांचं वजन कळेल. पूर्ण वाढलेला ओतो साधारण साडेतीन ते पाच किलोचा. अंग गोलसर, भरलेलं. केसांना दव पडल्यासारखी चमक. आणि प्रत्येक डोळ्याभोवती काळी, बारीक कड. प्रदर्शनाच्या नियमांत या कडेची रुंदी साधारण दीड ते तीन मिलिमीटर ठरलेली आहे. कोणी काजळ घातलंय असं वाटावं. पाचशे जोड्या लावून पुसलेल्या रंगातला उरलेला रंग तेवढाच.

मादीला दिवस गेल्यापासून सुमारे ३१ दिवसांनी पिल्लं होतात. त्याआधी ती स्वतःच्या पोटावरचे केस उपटून खोक्यात गादी करते. दिवसातून बहुधा एकदाच, काही मिनिटं पाजते आणि बाजूला होते. नवख्या माणसाला वाटतं, आईनं पिल्लं टाकली. तसं नसतं. रानात शिकाऱ्याला वास लागू नये म्हणून बिळाशी कमीत कमी जायचं, ही तिची जुनी सवय आहे. पाळणाऱ्यानं रोज एकदा खोकं तपासायचं, मेलेलं पिल्लू असेल तर काढायचं, बाकी हात लावायचा नाही. पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करायची. मुख्य खाणं सुकं गवत. दाणा जास्त झाला तर पोट बिघडतं, आणि सशाचं पोट बिघडलं की एक-दोन दिवसांत खेळ संपतो. थंडी त्याला मानवते, उकाडा मानवत नाही. पारा तिशीच्या वर राहू लागला की नराची प्रजननक्षमता घटते.

हे झालं कोणत्याही सशाचं. दुर्मीळ जातीचा प्रश्न वेगळा असतो. आजही ओतोच्या विणीत एखाद्या पिल्लाच्या पाठीवर डाग येतो, एखाद्याची कड तुटलेली असते. प्रदर्शनाचा विचार केला तर अशी पिल्लं बाद. पण साऱ्या जगात पाळणारे थोडे, प्रत्येकाकडे जनावरं थोडी. डागाचं प्रत्येक पिल्लू बाद केलं तर पाच वर्षांनी सगळेच एकमेकांचे सख्खे नातलग होतात. मग पिल्लं कमी होतात, दुबळी होतात, शेवटी होतच नाहीत. डाग असलेली, पण अंगानं मजबूत आणि पिल्लं नीट वाढवणारी मादी ठेवायची की काढायची? नवखा पाळणारा डाग पाहतो. जाणता पाळणारा आधी तिच्या आजीचं पान उघडतो.

कारण खरी जात वहीत असते. प्रत्येक सशाच्या कानात गोंदलेला क्रमांक, त्या क्रमांकापुढे आई-बाप, त्यांचे आई-बाप. अमेरिकेत नोंदणी करायची तर तीन पिढ्यांची वंशावळ लागते. लहान कळपात नातं फार जवळ येऊ नये म्हणून एक जुनी पद्धत आहे. कळपाचे तीन गट करायचे. मुली आईच्याच गटात ठेवायच्या, मुलगे पुढच्या गटात पाठवायचे: पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. आमच्या भाषेत सांगायचं तर नरांनाच पोस्टिंग. यात यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. वही लागते आणि ती रोज लिहिणारा माणूस लागतो. पलटणीतही रोजनिशी एक दिवस चुकली की पुढची सगळी बेरीज संशयास्पद होते.

नॉर्मंडी, १९४४

१९२७ साली काही ओतो ससे स्वित्झर्लंडला गेले. तिथल्या लोकांना ते आवडले आणि पाळणारे वाढले. १९३० च्या सुमारास काही जर्मनीतही गेले. त्या वेळी याला फारसं महत्त्व कोणी दिलं नसेल. हौशी लोक एकमेकांना जनावरं देतघेत असतातच.

मग दुसरं महायुद्ध आलं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून अन्नाचं रेशनिंग सुरू झालं. मांस कार्डावर, तेही मिळेल तेव्हा. पॅरिसमध्ये लोकांनी बाल्कनीत आणि न्हाणीघरात ससे पाळले. म्हणजे ससे वाढले, पण जाती वाढल्या नाहीत, हे इथं समजून घ्यायला हवं. भुकेल्या घराला लवकर वजन धरणारा ससा हवा असतो, तो कोणत्याही रंगाचा असो. डोळ्याभोवतीची कड तीन मिलिमीटर आहे की पाच, याची चौकशी कोण करणार? जो नर समोर आला त्याच्याशी जोडी लावायची, आणि वंशाला ठेवलेली मादीसुद्धा अडचणीच्या आठवड्यात पातेल्यात जायची. जात संपायला ससे संपावे लागत नाहीत. वेगळेपणा जपणारे हात थांबले की पुरतं.

त्यानंतर ६ जून १९४४. नॉर्मंडीची चढाई आम्ही तरुणपणी पदोन्नतीच्या परीक्षेसाठी घोकली होती. त्यात पूर्व बगलेची कामगिरी ब्रिटिशांच्या सहाव्या एअरबोर्न डिव्हिजनकडे होती. ऑर्न नदीवरचे पूल ताब्यात घ्यायचे आणि दीव्ह नदीवरचे पूल उडवायचे, म्हणजे जर्मन रणगाडे पूर्वेकडून येऊन किनाऱ्यावर कोसळणार नाहीत. जर्मनांनी दीव्हचं खोरं आधीच पाण्याखाली घातलं होतं. रात्री उतरलेले कित्येक छत्रीधारी पाठीवरच्या ओझ्यासकट त्या पाण्यात बुडाले. पूल मात्र उडाले. पुढे दोन महिने ही बगल जवळपास जागच्या जागी राहिली. १७ ऑगस्टच्या सुमारास ब्रिटिशांनी दीव्ह ओलांडून सीन नदीकडे आगेकूच सुरू केली.

ओतो-आँ-ओझ हे गाव दीव्हच्या पूर्वेला आहे. म्हणजे ते सारे दिवस ते जर्मन फळीच्या मागच्या बाजूला होतं. परीक्षेच्या नकाशावर आम्ही त्या मुलखावर फक्त शत्रूच्या तुकड्यांचे चौकोन काढायचो. आघाडीच्या मागच्या गावात काय होतं, ते कोणत्याही फौजी माणसाला माहीत असतं. घोडे, गाड्या, चारा, कोंबड्या, जे उचलता येतं ते उचललं जातं. माघार घेणारं सैन्य तर काहीच मागे ठेवत नाही. वरून तोफा आणि विमानं. अशा वेळी खुराडी उघडून कोण वही लिहीत बसणार?

युद्ध संपलं तेव्हा फ्रान्समध्ये ओतो जात जवळपास नाहीशी झाली होती. बाईंच्या वीस वर्षांच्या कामाचं मूळ ठिकाण रिकामं झालं होतं. जात उरली ती स्वित्झर्लंडमध्ये.

आता कोणी म्हणेल, स्वित्झर्लंड तटस्थ होता, तिथं काय झळ पोहोचणार? झळ होतीच. चारी बाजूंनी अक्ष राष्ट्रांचा वेढा, आणि देशाला लागणारं बरंचसं अन्न एरवी बाहेरून येणारं. १९४० साली फ्रीड्रिख वालेन या कृषितज्ज्ञानं मांडलेल्या योजनेनुसार शहरांतल्या बागा आणि खेळाची मैदानं नांगरून त्यात बटाटे लावले गेले. जनावरांचं खाद्य कमी करून जमीन माणसांच्या पिकांना दिली. सशाचा फायदा एवढाच की त्याला धान्य लागत नाही, बांधावरचं गवत पुरतं. पण खरा फरक वेगळा होता. तिथं घरं उभी राहिली, माणसं आपल्या जागी राहिली, म्हणून वह्याही राहिल्या. पुढे फ्रान्समध्ये जात पुन्हा उभी करायची वेळ आली तेव्हा स्विस ससे हाताशी होते.

एखाद्या सेनापतीनं हे योजलं असतं तर आपण त्याला 'राखीव दल दूर ठेवण्याचं शहाणपण' म्हटलं असतं. इथं कोणी योजलं नव्हतं. १९२७ साली कोणीतरी कोणाला तरी काही ससे दिले, एवढंच.

पैसा आला की जात वाचते का?

ओतो अमेरिकेत प्रथम गेला तो १९२१ आणि १९२२ साली, पण तिथं रुजला नाही. त्याच काळात दुसरा एक फ्रेंच ससा मात्र अमेरिकेत धुमाकूळ घालत होता: चिंचिला ससा. याच नावाच्या, फार महाग फरच्या दक्षिण अमेरिकी प्राण्यासारखा त्याचा राखाडी रंग. तो १९१३ साली फ्रान्समध्ये लोकांपुढे आला आणि १९१९ साली न्यू यॉर्कला पोहोचला. नोव्हेंबर १९२८ ते नोव्हेंबर १९२९ या एका वर्षात अमेरिकेतल्या संघटनेकडे १७,३२८ चिंचिला सशांची नोंदणी झाली. लोक जोड्या विकत घ्यायचे, पिल्लं काढायचे आणि ती नव्या माणसांना जोड्या म्हणून विकायचे. कातडीचा बाजार मागे राहिला होता, जोड्यांचाच बाजार झाला होता.

महाराष्ट्र, आंध्र आणि तमिळनाडूतल्या श्रोत्यांना यात ओळखीचं काही दिसत असेल. २०१० च्या आसपास आपल्याकडे इमूच्या जोड्या अशाच विकल्या गेल्या. पक्षी विकत घ्या, आम्ही परत घेऊ, महिन्याला इतके मिळतील. त्या पक्ष्याचं मांस आणि तेल नेमकं कोण विकत घेणार, हे विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढत होते. पुढे काय झालं ते सर्वांनी पाहिलं. शेतकऱ्यांनी पक्षी मोकळे सोडून दिले, कारण खाऊ घालायला पैसे नव्हते.

चिंचिलाचंही तेच झालं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सशाच्या कातडीचा बाजार बसला. वर्षाला सतरा हजार नोंदी होणारी अमेरिकन चिंचिला जात पुढे अतिशय धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत जाऊन बसली. ज्यांनी ती नफ्यासाठी धरली होती, त्यांनी नफा गेला त्या दिवशी सोडली.

ओतोची वाट अगदी उलटी. १९७८ साली टेक्सासचे बॉब व्हिटमन यांनी फ्रान्समधून आठ ओतो ससे अमेरिकेत आणले. जाहिरात नाही, परताव्याची हमी नाही. व्हिटमन हे सशांच्या जातींचा इतिहास धुंडाळणारे गृहस्थ. पुढे त्यांनी त्यावर मोठा ग्रंथच लिहिला. १९७९ साली तिथल्या सशांच्या संघटनेनं जातीला मान्यता दिली. एकीकडे सतरा हजार, दुसरीकडे आठ. अमेरिकेत ओतो फार वाढला असं नाही. १९७७ साली सुरू झालेल्या 'लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत तोही आहे. पण तो आहे. अजून कोणाच्या तरी अंगणात त्याच्या पिल्लांचे कान गोंदले जातात, वहीत नाव चढतं.

आपल्या अंगणात

भारतात सशांवरचं सरकारी काम दोन ठिकाणी ठळकपणे चालतं, आणि दोन्ही ठिकाणं उकाड्यापासून दूर आहेत. हिमाचलमध्ये कुलूजवळ गडसा इथं लोकरीसाठी अंगोरा ससे पाळले जातात. तमिळनाडूत कोडईकनालजवळ मन्नवनूरला मांसासाठी व्हाइट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला पाळले जातात. हो, तोच चिंचिला. फ्रान्समधून निघालेला रंग रशियात गेला, तिथं मोठ्या पांढऱ्या सशाशी संकर होऊन नवी जात झाली आणि ती पळणीच्या डोंगरात पोहोचली. कुतूहल असेल तर तिकडे जाणाऱ्यांनी जरूर पाहावं.

पण माझा मुद्दा सशापुरता नाही. आपल्याकडच्या एका जातीची कहाणी ओतोशी इतकी जुळते की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती म्हणजे भीमथडीचं तट्टू. भीमेच्या खोऱ्यातलं बुटकं, काटक, कमी चाऱ्यावर लांब मजल मारणारं घोडं. मराठ्यांची फौज त्याच्यावर बसून उत्तरेत पोहोचली. महाराष्ट्राच्या राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे. १८१८ साली पेशवाई गेली, फौजा मोडल्या. ज्या दरबारांनी हजारोंनी ही घोडी पोसली होती, तिथं मागणीच उरली नाही. इंग्रजांच्या रिसाल्याला उंच घोडे हवे होते.

मग हे तट्टू वाचलं कोणामुळे? धनगरांमुळे. मेंढरांमागे दरवर्षी कोकण आणि देश असा प्रवास करणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाला ओझं वाहायला घोडं लागतं. पाठीवर संसार, वर कोंबड्या, कधी लहान पोर. घाटाची वाट, मिळेल तो चारा. याच कामासाठी ते तट्टू पूर्वीही तयार झालं होतं. दोनशे वर्षं कोणत्याही सरकारी कागदावर न येता ते या वाड्यांबरोबर चालत राहिलं. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. फौजेनं सोडलेलं घोडं मेंढपाळानं राखलं. नॉर्मंडीत संपलेला ससा स्विस परड्यात राहिला.

आमच्या खात्याचंही एक उदाहरण आहे. १८८९ साली अलाहाबादला पहिलं मिलिटरी फार्म निघालं. छावण्यांना दूध पुरवणाऱ्या या फार्मांनी कृषी संशोधन परिषदेबरोबर फ्रीजवाल ही दुभती गाय तयार केली. ३१ मार्च २०२१ रोजी फार्मं बंद झाली. दूध बाहेरून मिळत असताना सैन्यानं गोठे का चालवावेत, हा प्रश्न रास्त होता आणि मी त्या निर्णयाला दोष देत नाही. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. मोठा धनी जनावराची निगा उत्तम राखतो, आणि त्याची गरज संपली की एका आदेशानं थांबतो. त्या दिवशी ते जनावर आणखी चार-दोनशे घरांत असेल तर ठीक, नाहीतर नाही.

म्हणून मंडळी, श्रोत्यांच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. ज्या जातींना सैन्यानं विचारलं नाही, त्यांच्यातल्या काही युद्धात संपल्या. ज्या वाचल्या, त्या बहुधा दोन गोष्टींमुळे: त्या एकाहून अधिक ठिकाणी होत्या, आणि त्यांतल्या निदान एका ठिकाणी कोणीतरी फायद्याचा हिशेब बाजूला ठेवून रोजची नोंद चालू ठेवली होती. जी जात एकाच गावात आहे, एकाच फार्मवर आहे, तिला तोफेचीसुद्धा गरज नाही. एक साथ, एक दुष्काळ, एक बदली पुरते.

तुम्ही कुठेही असा, बिदरला असा, बऱ्हाणपूरला असा किंवा तंजावरला, तुमच्या भागात एखादी जुनी जात असेलच. शेळी असेल, कोंबडी असेल, मुधोळचा कुत्रा असेल. ती पाळणारा म्हातारा कोण आहे ते शोधा. त्याच्याशी तासभर बोला आणि तो सांगेल ते लिहून घ्या: कोणती मादी कोणाची, नर कुठून आणला, कोणता दोष कोणत्या वंशात येतो. त्याच्या डोक्यात ही सगळी वंशावळ असते आणि तो गेला की ती जाते. जनावर पाळणं प्रत्येकाला जमणार नाही. वही आणि पेन तर घरात असतंच. अशा नोंदी तुम्ही केल्यात तर मला जरूर पाठवा. त्यांच्यावर एक स्वतंत्र भाग करू.

पुढच्या भागात भीमथडीच्या तट्टांवर सविस्तर बोलणार आहे: त्यांचा खुराक, त्यांची मजल आणि पानिपतापर्यंतचा प्रवास. तोवर रजा घेतो.

जय हिंद.